मुकं नव्हतं ते लेकरू

कारंजा लाडच्या गुरुमंदिरात वर्षभर यात्रेकरूंची रीघ असते. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव. 'गुरुचरित्रा'च्या अकराव्या अध्यायातली त्यांच्या बाळपणाची कथा पारायण करणाऱ्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते. माधव आणि अंबा यांच्या पोटी जन्मलेलं हे मूल सात वर्षांचं झालं तरी 'ॐ'खेरीज एक शब्द उच्चारत नाही. आईबाप काळजीनं झिजतात, गावातले लोक नाना उपाय सुचवतात. मुलगा मात्र खुणांनी सांगतो, की माझी मुंज करा, मग मी बोलेन. मुक्याला गायत्री कशी शिकवणार, असं लोक म्हणतात. मुंज होते, आई भिक्षा घालते आणि मूल वेद म्हणू लागतं.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मी अडखळतो तो त्या खुणांपाशी. न बोलणाऱ्या मुलाजवळ सांगण्यासारखं काही आहे, इतकंच नव्हे तर काय घडलं म्हणजे आपण बोलू याचाही त्याला अंदाज आहे, हे कथा सांगणाऱ्याला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं. गावानं धरलं होतं ते असं, की तोंड बंद म्हणजे डोकंही बंद.

ज्या जिल्ह्यात ही कथा घडली, त्या वाशीम जिल्ह्यात, आणि खरं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यात, पहिलीच्या वर्गात दर जूनमध्ये काही मुलं अशीच गप्प बसलेली दिसतात. घरी दिवसभर बडबडणारं, भावंडांवर हुकूम सोडणारं, आजीला दहा वेळा 'काऊन?' विचारून बेजार करणारं पोर शाळेत आल्यावर आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, 'थोडं मंद आहे.' तो शेरा पुढं कितीतरी वर्षं त्याच्या पाठीला चिकटतो. मुलाचा विचार आणि मुलाची भाषा यांचा संबंध काय, हा प्रश्न मानसशास्त्राच्या पुस्तकांत शंभर वर्षं चर्चेत आहे. इथं तो एका सहा वर्षांच्या लेकराच्या नशिबाचा प्रश्न होतो, म्हणून इतक्या विस्तारानं लिहावंसं वाटलं.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा निघाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके आणि २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख माणसं. सोयाबीन, तूर, हळद. २०१८मध्ये नीती आयोगानं देशातल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या, जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते. नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशीम. भाषेच्या बाबतीत मात्र हा जिल्हा श्रीमंत आहे. गावांत वऱ्हाडी, बंजारा तांड्यांवर गोरमाटी, कारंजा-मंगरुळपीरच्या मोहल्ल्यांत वऱ्हाडीशी मिसळलेली उर्दू. शाळेच्या पुस्तकातली प्रमाण मराठी यांतल्या कुणाच्याच घरात बोलली जात नाही.

एक वाक्य घेऊ. 'आभाय आलं म्हून मायनं इंधन घरात आनलं.' वऱ्हाडातलं पाच-सहा वर्षांचं कुठलंही पोर हे सहज बोलेल. यात केवढा विचार आहे! आभाळ आलं की पाऊस येईल; पाऊस आला की सरपण भिजेल; भिजलं की चूल पेटणार नाही; हे सगळं आईला आधीच कळलं म्हणून तिनं सरपण आत घेतलं. मधल्या तीन पायऱ्या पोरानं उच्चारल्याही नाहीत, कारण ऐकणाऱ्याला त्या ठाऊक असणार हेही त्यानं गृहीत धरलं आहे. कारण, परिणाम, पुढचा अंदाज आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याची जाण, हे चारही या सात शब्दांत आहे. आणि वर्गात यावर काय उत्तर येतं? 'आभाय नाही, आभाळ म्हणायचं. आनलं नाही, आणलं.' दोन दुरुस्त्या झाल्या, विचाराकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. असं चार-पाच वेळा झालं, की पोर आपल्यापुरता निष्कर्ष काढतं: इथं बोलण्यात धोका आहे. तो निष्कर्षही तर्कशुद्धच आहे.

ज्या भूमीत आज लेकराला 'तुझं बोलणं अशुद्ध' असं ऐकावं लागतं, ती भूमी एके काळी चांगल्या भाषेचं माप मानली जात होती. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या सर्वसेन राजानं 'हरिविजय' हे काव्य लिहिलं ते प्राकृतात. पुढं राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त कथा रचली, की काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू देशोदेशी हिंडत हिंडत शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात आले आणि तिथं त्यांचा विवाह झाला. वैदर्भी या काव्यरीतीला प्राकृतात 'वच्छोमी' असं नाव मिळालं ते याच गावावरून. या इतिहासाचा अभिमान भाषणांपुरता न ठेवता पहिलीच्या वर्गापर्यंत न्यायला हवा. एका पिढीची बोली पुढच्या पिढीची साहित्यभाषा होऊ शकते, याचं उदाहरण या जिल्ह्याइतकं जवळ दुसरीकडे सापडणार नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५मध्ये आला, त्यातही वऱ्हाडीला तिची स्वतःची जागा आहे.

आता पुस्तकांतल्या चर्चेकडे वळू. जाँ पियाजे यांचं मुलाच्या भाषेवरचं आणि विचारावरचं पुस्तक १९२३चं. लहान मुलं एकटीच, कुणाला उद्देशून नसलेलं बोलत राहतात, हे त्यांनी बारकाईनं टिपलं. त्यांच्या मते ही मुलाच्या आत्मकेंद्री विचाराची खूण. मूल मोठं झालं, इतरांचा विचार करायला शिकलं, की ती गळून पडते. रशियात लेव्ह व्हिगोत्स्की यांनी हेच बोलणं ऐकलं आणि वेगळा अर्थ लावला. ते गळून पडत नाही, ते आत जातं. आधी आईशी, आजीशी, भावंडांशी केलेला संवाद, मग तोच संवाद मूल स्वतःशी मोठ्यानं करतं, मग पुटपुटत, आणि शेवटी ओठ न हलवता. आपण ज्याला मनातल्या मनात विचार करणं म्हणतो त्याचा बराचसा भाग असा बाहेरून आत आलेला असतो. मुलांच्या कामात मुद्दाम अडचण निर्माण केली, हवा तो रंग किंवा कागद ठेवला नाही, तर त्यांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट होतं, असं त्यांना आढळलं. साडेपाच वर्षांचं एक मूल ट्रामचं चित्र काढत होतं. चाक काढताना पेन्सिलीचं टोक तुटलं. ते स्वतःशीच 'मोडलं' म्हणालं, पेन्सिल बाजूला ठेवून त्यानं रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगवायला लागलं. तो एक शब्द सुटला आणि चित्राचा बेतच बदलला. व्हिगोत्स्की १९३४मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेले. 'विचार आणि भाषा' हे त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झालं.

पोळ्याच्या सुमाराला मातीचे बैल करणारं पोर पाहा. एक शिंग तुटतं, पोर 'तुटलं' म्हणतं, क्षणभर थांबतं, दुसरंही शिंग काढून टाकतं आणि जाहीर करतं की आता हे वासरू. त्या वेळी ते कुणाशीही बोलत नसतं.

बोलण्याच्याही आधी हात असतात. वर्षाच्या आतबाहेरचं मूल बोट दाखवायला लागतं तेव्हा शब्द यायचे असतात, पण 'ते बघ' हा विचार झालेला असतो. पुढं शब्द आल्यावरही हात मागं राहत नाहीत. शिकागोच्या सुझन गोल्डिन-मेडो आणि ब्रेकिन्रिज चर्च यांनी १९८६मध्ये एक फार सुंदर गोष्ट दाखवली. रुंद भांड्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं तर ते वाढलं की तेवढंच राहिलं, हा पियाजेंचा जुना प्रश्न. काही मुलं तोंडानं चुकीचं उत्तर देत होती, 'जास्त झालं, कारण हे उंच आहे'. पण त्याच वेळी त्यांचे हात पेल्याची रुंदीही दाखवत होते. तोंड एक सांगतं, हात दुसरं. आणि ज्यांचं असं दुहेरी चालू होतं, तीच मुलं पुढं शिकवल्यावर लवकर शिकली. नवा विचार आधी त्यांच्या हातांत उतरला होता.

आता आपल्या शाळांतली सगळ्यांत ओळखीची आज्ञा आठवा: हाताची घडी, तोंडावर बोट. साठ मुलांच्या वर्गात शांतता हवी म्हणून ती आली, हे मला समजतं. पाचवी-सातवीच्या वर्गात तिनं फार बिघडतही नसेल. पण सहा वर्षांच्या मुलापाशी विचार करण्याच्या ज्या दोन वाटा आहेत, स्वतःशी पुटपुटणं आणि हात हलवणं, त्या दोन्ही ही आज्ञा एकदम बंद करते. आणि मग आपण त्याला म्हणतो, 'आता विचार करून सांग.'

प्रश्न विचारण्याची आपली रीतही तपासायला हवी. एडिंबराच्या मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७४मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांसमोर सारख्या संख्येच्या सोंगट्यांच्या दोन रांगा मांडल्या. दोन्हींत सारख्याच आहेत, असं मुलांनी सांगितलं. मग मोठ्या माणसानं एक रांग आखडली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बहुतेक मुलांनी उत्तर बदललं. पण रांग एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलानं विस्कटली असं दाखवलं, तेव्हा बहुतेक मुलं आपल्या बरोबर उत्तरावर ठाम राहिली. मोठ्या माणसानं स्वतः काहीतरी बदललं आणि मग तेच पुन्हा विचारलं, म्हणजे आधीचं उत्तर त्याला नको असणार, असा मुलांचा हिशेब होता. बाईंनी 'नक्की? नीट बघ बरं' म्हणताच बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिणारी मुलं प्रत्येक शिक्षकानं पाहिलेली असतील. अशी मुलं सोंगट्यांचाही विचार करतात आणि बाईंचाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत साठच्या दशकात विल्यम लॅबॉव यांचा गट काळ्या मुलांच्या भाषेचा अभ्यास करत होता. तिथल्या चाचण्यांत ही मुलं एका शब्दात उत्तर देऊन गप्प होत, आणि त्यावरून त्यांच्याकडे भाषाच नाही असा निष्कर्ष काढला जात होता. आठ वर्षांचं एक मूल असंच गप्प होतं. मुलाखत घेणारा त्याच वस्तीतला होता, तरीही ते बोलेना. पुढच्या खेपेला तो बटाट्याचे वेफर्स घेऊन आला, मुलाच्या जिवलग मित्राला बरोबर आणलं आणि स्वतः जमिनीवर बसला. मग दोघं मित्र एकमेकांना तोडत, खोडत, वाद घालत असे बोलायला लागले, की थांबेनात. मूल तेच, भाषा तीच. मुलाला उंचीवरून प्रश्न विचारणारं माणूस तेवढं खाली बसलं होतं.

लॅबॉव यांचा हा विचार महाराष्ट्राला परका नाही. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढं भारतीय नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या मराठीतल्या सामाजिक स्तरांवर पीएच.डी. केली आणि मग तिथंच राहून १९८४मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. कमला निंबकर बालभवन ही तिची शाळा. घरात लिहिणं-वाचणं नसलेली मुलं मागं का पडतात, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. त्यांच्याही आधी ताराबाई मोडक. विवाहानंतर काही वर्षं त्या अमरावतीत, म्हणजे वऱ्हाडातच राहिल्या होत्या. पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभारलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची कल्पना. अंगणात शाळा नेली, की अंगणातली भाषाही आपोआप शाळेत येते. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सगळ्यांत मोठं तीर्थ. सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे. रामनवमीला देशभरातून लाखो माणसं येतात आणि आंध्र, तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र अशा चार राज्यांतली माणसं एकमेकांशी अडखळत न बोलता एकाच भाषेत बोलतात. गोरमाटी. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ३३ लाख लोकांनी लंबाडी या नावानं हीच आपली मातृभाषा सांगितली. जनगणना मात्र तिला हिंदीच्या पोटात मोजते. ग्रिअर्सननं १९०७च्या खंडात बंजारी किंवा लभाणीला वेगळी पानं दिली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तांड्याचा वेश, नंगारा, तीज, लेंगी, हे सगळं आता जपलं जाईल. भाषा मात्र संग्रहालयात ठेवता येत नाही. ती लेकरांच्या तोंडी असली तरच असते.

तांड्यावरचं पोर आईला 'याडी' म्हणतं आणि भाकरीला 'बाटी'. वर्गात भाकरीचं चित्र पाहून ते 'बाटी' म्हणालं, तर ते बरोबर उत्तर आहे. पण नामांची अडचण छोटी असते. शंभर-दोनशे शब्दांची यादी भिंतीवर लावून ती सुटते, आणि अशा याद्या करून आपलं काम झालं असं यंत्रणेला वाटतं. खरा विचार नामांवर नाही, नामांना जोडणाऱ्या शब्दांवर उभा असतो. म्हणून, तर, नाहीतर, आधी, तोपर्यंत, जर, तरीसुद्धा. सहा वर्षांच्या मुलाजवळ ही सगळी जोडसाधनं तयार असतात, पण त्याच्या घरच्या भाषेत. पुस्तकाच्या भाषेत त्याला 'हा बैल आहे' एवढंच म्हणता येतं. मग वर्गात त्याचा विचारही 'हा बैल आहे' एवढाच दिसतो. बाकीचा विचार तांड्याच्या वाटेवर त्याची वाट पाहत थांबलेला असतो. शाळा सुटली की पुन्हा सुरू होतो. घरच्या भाषेत एखादी गोष्ट का आणि कशी हे बोलायला मिळालं, की तीच बांधणी दुसऱ्या भाषेत नेता येते. मराठी शिकायची घाई असेल, तर गोरमाटी बंद करणं हा सगळ्यांत लांबचा रस्ता आहे.

दोन भाषांनी पोर गोंधळतं, ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच ऐकू येते. १९६२मध्ये मॉन्ट्रियलच्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दोन्ही भाषा नीट येणारी दहा वर्षांची मुलं आणि एकच भाषा येणारी मुलं यांची तुलना केली, तेव्हा द्विभाषिक मुलं मागं नाहीत, उलट काही बाबतींत पुढं निघाली. अट एकच होती, दोन्ही भाषा नीट येण्याची. पहिली अर्धवट तोडून दुसरी अर्धवट लावली, तर हा लाभ मिळत नाही.

कायद्यात या मुलांसाठी तरतूद आहे. घटनेचं कलम ३५० क १९५६मध्ये आलं, ते भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल बोलतं. २००९चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथं मातृभाषेचं माध्यम असावं असं म्हणतो. ओडिशानं २००६-०७च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून पहिलीची सुरुवात करून दाखवली. महाराष्ट्रातही आदिवासी बोलींसाठी शब्दसंग्रह आणि पुस्तिका झाल्या. पण हे काम बहुतेक आदिवासी विकासाच्या वाटेनं येतं आणि बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोजला जातो; तेलंगणात तो अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातीत. मोठ्यांच्या वर्गवारीचा वाद ज्यांनी सोडवायचा त्यांनी सोडवावा. सहा वर्षांच्या मुलाला कोणत्या भाषेत प्रश्न विचारायचा, हे ठरवायला जातीचा दाखला कशाला लागावा? गोरमाटी महाराष्ट्रात देवनागरीत लिहिली जाते, तिच्यात लेखक आहेत, कवी आहेत. नव्या लिपीचीही अडचण नाही.

गप्प मुलांपैकी काहींची गोष्ट अगदी वेगळी असते, आणि तिच्याकडे भाषेच्या उत्साहात दुर्लक्ष होऊ नये. काही मुलांना ऐकू येत नसतं. निकाराग्वात १९७७मध्ये राजधानी मनाग्वाला विशेष मुलांची शाळा निघाली. तोवर घराघरांत विखुरलेली बहिरी मुलं पहिल्यांदा एकत्र आली आणि त्यांनी आपापसांत खुणांची एक नवी भाषा घडवली. नंतर आलेल्या मुलांनी ती आणखी समृद्ध केली. जेनी पायर्स आणि ॲन सेंगास यांनी २००९मध्ये दाखवलं, की पहिल्या तुकडीतल्या, आता मोठ्या झालेल्या माणसांकडे 'त्याला वाटतं', 'तिला माहीत आहे' अशा मनाबद्दलच्या खुणा थोड्या होत्या आणि दुसऱ्याचा समज चुकीचा असू शकतो हे ओळखण्यात ती धाकट्या तुकडीच्या मागं होती. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा त्या खुणा त्यांच्या बोलण्यात आल्या होत्या आणि समजही वाढली होती. भाषा मिळाली नाही तर विचाराची काही दारं बंद राहतात आणि भाषा मिळाली की मोठेपणीही उघडतात, याचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

म्हणून दोन वर्षांचं मूल हाकेला वळत नसेल, भांडं पडल्यावर दचकत नसेल, तर 'याचा बापही उशिरा बोलला' म्हणून थांबू नये. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायची असतात आणि ऐकण्याची, बोलण्याची तपासणी त्यांच्या कामात आहे. पथक आलं की गप्प मुलाला पुढं करावं. ऐकू येत नसेल तर यंत्र, उपचार आणि खुणांची भाषा, यांतलं काही ना काही त्याच्यापर्यंत लवकर पोचलं पाहिजे.

आता आकड्यांबद्दल. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात गदारोळ उठला, विधिमंडळातही गाजला. सत्तावीस बरोबर 'वीस सात' असंही वाचन त्या पुस्तकात दिलं होतं. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठी मोडली, अशी ओरड झाली. पण त्यांचा मुद्दा शांतपणे पाहा. आपण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी बोलतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ७ नंतर. कान एक क्रम सांगतो, हात दुसरा. म्हणून मूल सत्तावीस ऐकून ७२ लिहितं. 'एकोणसाठ'मध्ये तर साठातून एक कमी करण्याचं काम नावातच दडलेलं आहे, आणि लिहायचे पाच आणि नऊ. केविन मिलर यांनी १९९५मध्ये चिनी आणि अमेरिकी बालवाडीतल्या मुलांची मोजणी तपासली. दहापर्यंत दोघं बरोबरीनं होती. फरक पडला तो दहाच्या पुढं, जिथं चिनी नावं 'दहा एक, दहा दोन' अशी सरळ जातात आणि इंग्रजी नावं वाकडी. बुद्धी सारखीच, वाट वेगळी.

सत्तावीस हा शब्द मला प्रिय आहे, तो जाऊ नये. पण त्याच्यापर्यंत चढायला 'वीस आणि सात' ही पायरी दिली तर मराठी लहान होत नाही. तांड्यावरच्या किंवा उर्दू घरातल्या मुलाला तर ती पायरी फार हवी. नारळीकर २०२३मध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत या सूचनेवर जितके विनोद झाले तितका विचार झाला नाही, याचं वाईट वाटतं.

गणितातलं गप्प मूल बाजारात बोलतं हेही पाहण्यासारखं आहे. आठवडी बाजारात आजीच्या शेजारी बसून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकणारं पोर तीन जुड्यांचे पैसे, वीसच्या नोटेतून परत द्यायचे पैसे, दोन जुड्या एकदम घेतल्या तर कमी करायचे पैसे, हे सगळं झटक्यात करतं. १९८५मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विकणाऱ्या पाच मुलांचे असे हिशेब संशोधकांनी तपासले. विकताना त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, आणि तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली तेव्हा जेमतेम ३७ टक्के. २०२५मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल हेच दाखवलं, आणि त्याची दुसरी बाजूही: शाळेतली मुलं पुस्तकी गणितं करतात, पण बाजारातला व्यवहार त्यांना जमत नाही. दोन्हीकडे विचार आहे. दोघांना जोडणारं बोलणं नाही. 'तू हे कसं केलंस, सांग' असं मुलाला विचारून त्याच्याच शब्दांत ते ऐकलं, फळ्यावर लिहिलं, मग त्याच्या शेजारी पुस्तकातली चिन्हं मांडली, तर तो पूल बांधता येतो. याला साहित्य लागत नाही, वेळ लागतो. आणि लिहिण्याची जेवढी नोंद मागितली जाते तेवढी बोलण्याची मागितली जात नाही, म्हणून शिक्षकाला तो वेळ मिळत नाही.

२०२५चा उन्हाळा महाराष्ट्रानं भाषा मोजण्यात घालवला. १६ एप्रिलच्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी आली, जूनमध्ये त्यात फेरफार झाला, आंदोलनं झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. लहान मुलावर भाषांचं ओझं टाकू नये, हा विरोधामागचा विचार मला पटतो. पण त्या सगळ्या चर्चेत मराठी ही पहिली, इंग्रजी दुसरी आणि हिंदी तिसरी असंच मोजलं जात होतं. मानोऱ्याच्या तांड्यावर हिशेब वेगळा आहे. तिथं पहिली गोरमाटी, दुसरी मराठी, आणि राज्यात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी असल्यानं तिसरी इंग्रजी. त्रिभाषा सूत्र तिथल्या सहा वर्षांच्या मुलानं केव्हाच पुरं केलेलं आहे, ते कुणी मोजलं नाही इतकंच. जे पोर घरी एक भाषा, दुकानात दुसरी आणि शाळेत तिसरी सांभाळतं, त्याच्या नावापुढं 'भाषा कच्ची' असा शेरा पडतो.

करता येण्यासारखी एक गोष्ट तर अगदी जवळ आहे. अंगणवाडी सेविका नियमानं स्थानिक असावी लागते. त्यामुळे तांड्यावरच्या अंगणवाडीत ताई गोरमाटी बोलतात. गाणं मराठीत म्हणतात, रडणाऱ्याला गोरमाटीत समजावतात, गोष्ट दोन्हींत सांगतात. तीन ते सहा या वयात मुलाला अशी दोन भाषांत ये-जा करणारी शाळा मिळते आणि ते तिथं भरपूर बोलतं. मग जूनमध्ये ते पहिलीत जातं. तिथले गुरुजी किंवा मॅडम बहुतेक वेळा दुसऱ्या तालुक्यातले, बदलीवर आलेले, मनापासून शिकवणारे, पण गोरमाटीचा एक शब्द न येणारे. मुलानं अंगणवाडीत काय काय सांगितलं, कोणत्या गोष्टीवर हसलं, कुठला प्रश्न विचारला, हे ताईंना माहीत असतं. पहिलीच्या शिक्षकाला ते कुणी सांगत नाही. वजन-उंचीची नोंद पुढं जाते, बोलण्याची जात नाही.

पहिले दोन महिने ताईंनी रोज तासभर पहिलीच्या वर्गात बसावं, मुलांचं बोलणं शिक्षकाला सांगावं आणि शिक्षकाचं मुलांना. त्या तासाचं वेगळं मानधन त्यांना मिळावं, कारण अंगणवाडीच्या कामाचाच डोंगर त्यांच्यावर आधीच आहे. शिक्षकानं या दोन महिन्यांत मुलांकडून रोज एक गोरमाटी वाक्य शिकावं, मुलांसमोर चुकत म्हणावं आणि मुलांना ते दुरुस्त करू द्यावं. जिथं अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात आहे, तिथं तर ताईंना अंगण ओलांडण्यापलीकडे चालावंही लागणार नाही. दोघांचे विभाग वेगळे आहेत, महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण, आणि परवानगीचं पत्र दोन्हीकडून लागेल. वाशीम आकांक्षित जिल्हा असल्यानं जिल्हाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी दर महिन्याला या दोन्ही विभागांचे आकडे एकाच टेबलावर पाहतात. ते पत्र त्या टेबलावरून निघू शकतं, पुढच्या जूनच्या आत.